छोटा कॅमेरा घेताना करायचं एक गणित

२०१० साली कॅमेरा कंपन्यांनी जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले. त्यातले बहुतेक कॉम्पॅक्ट होते, म्हणजे खिशात मावणारे आणि लेन्स कायमची बसवलेले. २०२३ मध्ये या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची संख्या १७ लाखांच्या आसपास उरली. मधल्या काळात फोनने काय केलं ते वेगळं सांगायला नको. पण या पडझडीतून जी मॉडेलं टिकली, ती बहुधा फोनला न जमणारं काहीतरी करतात म्हणून टिकली. ‘बहुधा’ अशासाठी, की काही नुसत्या जुन्या नावावर आणि जुनाट दिसणाऱ्या फोटोंच्या सध्याच्या हौसेवरही खपतात. त्यामुळे कॅमेरा घ्यायचं मनात आलं की आधी स्वतःला विचारावं: माझ्या फोनला नेमकं काय जमत नाही?

‘फोटो तितकेसे चांगले येत नाहीत’ हे काही उत्तर नव्हे. भिगवणला रोहित पक्षी ठिपक्याएवढे येतात, हे उत्तर आहे. संध्याकाळी घरात पळणारी नात फोटोत फिसकटते, भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, तारकर्लीला पाण्यात फोन नेववत नाही, ही उत्तरं आहेत. आणि यातल्या प्रत्येक उत्तराला वेगळा कॅमेरा लागतो. चारही कामं एकाच खिशातल्या कॅमेऱ्यात बसत नाहीत. कंपन्या आळशी आहेत म्हणून नव्हे, प्रकाशाचे नियम आड येतात म्हणून. ते नियम एकदा कळले की दुकानातली अर्धी बडबड आपोआप गळून पडते.

प्रकाश किती गोळा होणार, हे दोन गोष्टी ठरवतात: लेन्सचं भोक केवढं आणि त्यामागचा सेन्सर केवढा. सेन्सरपासून सुरुवात करू. जाहिरातीत त्याचं माप इंचात लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो. ‘१ इंच’ सेन्सरची कुठलीच बाजू एक इंच नसते; तो असतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलं आहे. तेव्हा इंच विसरावेत आणि माहितीपत्रकात मिलिमीटर शोधावेत. साध्या, भरपूर झूमवाल्या कॉम्पॅक्टमध्ये ‘१/२.३ इंच’ सेन्सर असतो. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. ‘१ इंच’चं ११६. आणि एपीएस-सी म्हणतात त्या आकाराचं, २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचं, ३६७. पहिल्यात आणि शेवटच्यात तेरापट फरक आहे, तरी दोन्ही कॅमेरे बाहेरून जवळपास एकाच अंगाचे दिसू शकतात.

क्षेत्रफळाला एवढं महत्त्व का? अंगणात पावसात एक वाटी आणि एक परात ठेवली तर परातीत जास्त थेंब पडणार, हे उघड आहे. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो. त्या थेंबांना फोटॉन म्हणतात. सारख्या रंगाच्या भिंतीचा फोटो घेतला तरी शेजारशेजारच्या दोन बिंदूंवर तंतोतंत सारखे फोटॉन पडत नाहीत. थोडं कमीजास्त होतंच, आणि हे कमीजास्त साधारणपणे त्या संख्येच्या वर्गमुळाएवढं असतं. एका बिंदूवर १०,००० फोटॉन आले तर फरक १०० च्या घरात, म्हणजे १ टक्का. भिंत गुळगुळीत दिसते. १०० च फोटॉन आले तर फरक १० चा, म्हणजे १० टक्के. भिंतीवर दाणे उठतात. अंधारातल्या फोटोंमधला ‘नॉइज’ मुख्यतः हाच. तो प्रकाशाच्या स्वभावातून येतो, त्यामुळे तो मुळात टाळायचा तर जास्त प्रकाश गोळा करणं एवढाच मार्ग उरतो. कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर दाणे पुसतं खरं, पण पुसताना भुवईचे केस आणि पैठणीच्या काठावरची बारीक नक्षीही पुसून टाकतं.

आता लेन्सचं भोक. लेन्सवर एफ/१.८, एफ/२.८ असे आकडे असतात. आकडा लहान तेवढं भोक मोठं, आणि प्रकाश त्या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. एफ/२ वर एफ/४ च्या चौपट प्रकाश येतो.

यातून एक सोपं गणित निघतं. सेन्सरचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला एफ-आकड्याच्या वर्गाने भागा. उत्तराचं एकक महत्त्वाचं नाही, पण दोन कॅमेरे सारख्याच शटरस्पीडला, सारख्याच चौकटीचा फोटो काढताना एकूण किती प्रकाश गोळा करतील याची तुलना त्यातून होते. दुपटीहून कमी फरक मनावर घेऊ नये. तो फोटोत सहजी दिसत नाही.

खरे कॅमेरे घेऊन पाहू. कॅननचा जी७ एक्स मार्क ३: १ इंच सेन्सर, एफ/१.८. ११६ भागिले ३.२४, उत्तर सुमारे ३६. सोनीचा आरएक्स१०० मार्क ७: तोच १ इंच सेन्सर, पण लेन्स एफ/२.८ पासून सुरू होते, म्हणून उत्तर १५. आणि झूम पूर्ण लांबवला की एफ/४.५, म्हणजे ६ सुद्धा नाही. रिकोच्या जीआर मालिकेतले कॅमेरे: एपीएस-सी सेन्सर, एफ/२.८, उत्तर ४७. फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय: एपीएस-सी, एफ/२, उत्तर ९२. पॅनासॉनिकचा टीझेड९९, ज्याचा ३० पट झूम डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला असतो: २८ भागिले ३.३ चा वर्ग, उत्तर अडीचच्या आसपास. झूमच्या टोकाला एफ/६.४, म्हणजे पाऊणही नाही.

आणि तुमचा फोन? आजच्या वरच्या किमतीच्या फोनमध्ये मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ९.८ बाय ७.३ मिलिमीटरचा आणि लेन्स एफ/१.८ च्या आसपासची असते. उत्तर २२. त्यात फोन एका दाबात अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर रचतो, म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्त प्रकाश वापरतो. अडीच कुठे आणि बावीस कुठे! छोट्या सेन्सरचा स्वस्त कॉम्पॅक्ट घेऊन लग्नाच्या हॉलमध्ये गेलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या फोनमधले फोटो सरस का दिसतात, याचं उत्तर एवढ्यात आलं. घरातल्या, देवळातल्या, संध्याकाळच्या रस्त्यावरच्या फोटोंसाठी कॅमेरा हवा असेल तर १/२.३ इंचाच्या वाटेला जाऊच नये.

भर दुपारी हे गणित बरंचसं गैरलागू होतं, हेही खरं. रणरणत्या उन्हात घरातल्या ट्यूबलाइटच्या सुमारे पाचशे पट उजेड असतो. राजगडाच्या माचीवर दुपारी बाराला कुठल्याही कॅमेऱ्याला प्रकाश पुरून उरतो. फक्त गडावर फिरणाऱ्याने आणि दिवसा पक्षी टिपणाऱ्याने या आकड्यांना घाबरायचं कारण नाही. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत.

घरातलं एक उदाहरण पुरं करू. ट्यूबलाइटखाली पळणारं मूल थांबवायला शटरस्पीड निदान १/२५० सेकंद लागतो. एफ/१.८ वर त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, सुमारे १२५० ठेवावा लागेल. १ इंच सेन्सरला तेवढं झेपतं. त्याच सेन्सरवर झूम लांबवून एफ/४.५ झालं की आयएसओ ८००० च्या घरात जातो, आणि फोटो चिखल होतो. म्हणजे ‘२४ ते २०० मिलिमीटर’ असं जे अभिमानाने लिहिलेलं असतं, त्यातलं २०० हे बाहेरच्या उजेडाचं आश्वासन आहे, घरातलं नव्हे. लेन्सच्या कडेला एफ/२.८-४.५ असे दोन आकडे दिसले की दुसरा आकडा वाचायची सवय लावून घ्यावी. विक्रेता बहुतेक वेळा पहिलाच वाचून दाखवतो.

मोठा सेन्सर आणि लांब झूम एकत्र का मिळत नाहीत, हेही याच गणितात आहे. लेन्सच्या भोकाचा व्यास म्हणजे तिची खरी फोकल लांबी भागिले एफ-आकडा. आरएक्स१०० मार्क ७ वर जे ‘२०० मिमी’ लिहितात ते फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या, भाषेतलं. खरी लांबी ७२ मिमी आहे. ७२ भागिले ४.५ म्हणजे १६ मिमीचं भोक, तेवढं खिशात मावतं. तोच झूम एपीएस-सीवर एफ/२.८ ने हवा असेल तर खरी लांबी १३३ मिमी आणि भोक ४८ मिमी. एवढी काच शर्टाच्या खिशात जात नाही, आणि कुठल्याही नव्या शोधाने जाणार नाही. म्हणून रिको आणि फुजीफिल्मच्या त्या कॅमेऱ्यांना झूमच नाही: रिको जीआर ३ ला २८ मिमीच्या बरोबरीची एकच लेन्स, जीआर ३एक्सला ४०, फुजीला ३५.

एकाच लेन्सचं ऐकून लोक बिचकतात. मला मात्र हौशी माणसासाठी तीच सगळ्यात चांगली वाटते. झूम असला की माणूस उभ्या जागी उभा राहून चौकट लहानमोठी करतो. तो नसला की पाय हलतात, कोन बदलतो, आणि काही आठवड्यांत कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकटीत काय येणार ते दिसू लागतं. आषाढी वारीत, बाजारात, घरातल्या पंगतीत, माणसांच्या जवळ जाऊन फोटो काढणाऱ्याला हे फार उपयोगी. पक्ष्यांच्या मागे जाणाऱ्याला याचा काडीचा उपयोग नाही. त्याने लाजू नये, सरळ मोठा झूम घ्यावा. टीझेड९९ सारखा कॅमेरा रात्री दुबळा आहे, पण भिगवणच्या बोटीत सकाळच्या कोवळ्या उन्हात तो जो रोहित चौकटभर आणून देईल, तो फोनच्या बापालाही जमणार नाही. मात्र ‘ऑप्टिकल’ झूम तेवढाच मोजावा. ‘डिजिटल’ झूम म्हणजे नुसती कात्री: दोनपट डिजिटल झूम केला की २० मेगापिक्सेलमधले ५ उरतात.

मेगापिक्सेलचा विषय एका दमात संपवतो. ए४ आकाराचा उत्तम प्रिंट काढायला ९ मेगापिक्सेलही लागत नाहीत. ४के टीव्ही पूर्ण भरायला ८.३ पुरतात. आज मिळणाऱ्या जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांत १२ किंवा त्याहून जास्त असतात. त्या आकड्यावरून निवड करू नये.

पाण्याचं प्रकरण वेगळं. ओएम सिस्टिमचा टीजी-७ वेगळ्या आवरणाशिवाय १५ मीटर खोलीपर्यंत चालतो. सेन्सर २८ चौरस मिलिमीटरचाच, पण एफ/२ मुळे गणिताचं उत्तर ७ येतं, म्हणजे टीझेड९९ पेक्षा बरं. त्याची खरी गंमत लोकांना उशिरा कळते: तो लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस करतो. कास पठारावर सीतेची आसवं ही फुलं किंवा दवबिंदू वनस्पतीच्या केसांवरचे चिकट थेंब टिपायला, तेही भुरभुर पावसात, याच्याइतका निर्धास्त कॅमेरा दुसरा सुचत नाही. इथे छोटा सेन्सर पथ्यावर पडतो, कारण त्यामुळे फुलाचा जास्त भाग एकाच वेळी फोकसमध्ये राहतो. समुद्रातून बाहेर आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि झाकणाच्या रबरावर वाळूचा कणही राहू देऊ नये.

आता अशा एका गोष्टीकडे येतो जिची खरेदीच्या वेळी सहसा कुणी चौकशी करत नाही: व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. आपल्याकडे मार्च ते मे दुपारी बाहेर फोटो काढून बघा. स्क्रीन कितीही झगझगीत केली तरी तीत स्वतःचाच चेहरा दिसतो, आणि फोटो अंदाजाने काढावा लागतो. एक्स१००व्हीआयमध्ये अशी खिडकी कायमची आहे, काचेची आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही. आरएक्स१०० मालिकेत तिसऱ्या पिढीपासून ती वरून बाहेर काढता येते. जी७ एक्स मार्क ३ मध्ये नाही, रिकोमध्ये नाही, टीझेड९९ मध्येही नाही, आणि लांब झूमच्या कॅमेऱ्यात ही उणीव जास्तच टोचते, कारण हात पुढे करून धरलेला कॅमेरा हलतो, तर कपाळाला टेकलेला स्थिर राहतो. चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट डोळा लावून चारही कोपरे दिसतात का ते पाहावं.

हलण्यावरून आठवलं. ‘स्टॅबिलायझेशन’ फक्त तुमच्या हाताचा कंप सावरतं. समोरचं मूल, मोर, झांजा वाजवणारा हात, यांची हालचाल ते थांबवत नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यातल्या मूर्तीसाठी ते वरदान आहे, पळत्या पोरासाठी निरुपयोगी. तिथे पुन्हा प्रकाशच लागतो.

वेगाचं मोजमाप कागदावर कळत नाही, हातात घेऊनच कळतं. बटण दाबल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो, फोकस पुढेमागे चाचपडतं का, ते पाहावं. रिकोमध्ये यावर एक जुनी आणि हुशार तोड आहे: स्नॅप फोकस. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा २ मीटर. बटण एका दमात खाली दाबलं की कॅमेरा शोधाशोध न करता थेट त्या अंतरावर जातो. एफ/८ ठेवलं तर साधारण १ मीटरपासून थेट रस्त्याच्या पलीकडच्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट येतं. गर्दीत फोटो काढणारे लोक या कॅमेऱ्यावर एवढे जीव का टाकतात, ते यावरून समजावं. जीआर ३ चं वजनही बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम आहे. एक्स१००व्हीआय ५२१ ग्रॅमचा. तो पँटच्या खिशात जात नाही, त्याला गळ्यात किंवा पिशवीतच न्यावं लागतं. ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून विकत घ्यायच्या आधी हा फरक मनात स्पष्ट हवा, कारण घरी राहिलेला कॅमेरा कितीही उत्तम असला तरी फोटो काढत नाही.

रिकोची दुखरी बाजूही सांगायला हवी. जीआर ३ ची बॅटरी अधिकृत मोजमापानेच २०० फोटोंची, तेव्हा दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच घ्यावी. आणि लेन्स आत-बाहेर होताना धूळ आत शिरून सेन्सरवर बसते, ही या मालिकेची जुनी तक्रार. लेन्स निघत नसल्याने ती घरी साफ करता येत नाही, सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. आत-बाहेर होणाऱ्या लेन्सचा कुठलाही कॅमेरा वाळूत किंवा गुलालात सुरू करताना हा विचार करावा.

खरेदीला जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्यावं. मुंबईत बोरा बझारच्या गल्लीत एकाला लागून एक कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. आपल्या शहरात जे असेल तिथे जावं. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्याचे, विक्रेत्याच्या हाताचे, दारातून बाहेरच्या उन्हाचे फोटो काढावेत आणि घरी येऊन फोनच्या फोटोंशेजारी ठेवून पाहावेत. ‘रॉ’ फाइल मिळते का ते विचारावं. तीत प्रत्येक रंगाच्या ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६ च, म्हणून काळवंडलेला चेहरा नंतर उजळायचा तर रॉमध्ये वाव जास्त. किंमत संशयास्पद कमी असेल तर वॉरंटी कार्ड भारतातल्या अधिकृत विक्रीचं आहे का, आणि त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या बुडावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी पाहावं. चार्जिंगचं भोक कुठलं तेही बघावं: आरएक्स१०० मार्क ७ मायक्रो यूएसबीवाला आहे, जी७ एक्स मार्क ३ ला टाइप-सी आहे.

जुने, २००० च्या दशकातले कॅमेरे सध्या तरुण मंडळी हौसेने शोधतात. घ्यावेत, स्वस्तात मिळत असतील तर. पण त्या काळातले ऑलिंपस आणि फुजीफिल्मचे बरेच कॅमेरे एक्सडी कार्डावर चालायचे, ती कार्डं आता बनत नाहीत. एसडी कार्डवाला असला तरी २००६ पूर्वीचा कॅमेरा बहुधा २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाही, आणि असं लहान कार्ड शोधणं हाच एक उद्योग होऊन बसतो. बॅटरी मिळते का, हे कॅमेरा घेण्याआधी पाहावं.

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांसाठी शेवटची एक गोष्ट. पावसाळ्यात लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते, आणि कॉम्पॅक्टची लेन्स उघडून साफ करणं इतकं खर्चिक की बहुतेक जण नाद सोडून देतात. चामड्याची देखणी केस ओल धरून ठेवते, तिच्यात कॅमेरा ठेवून कपाटात टाकू नये. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक पुरतो म्हणणारे दुकानदार भेटतील. मापक थोडा बरा घ्यावा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवावा, जेलचा रंग उतरला की ते तापवून पुन्हा कोरडं करावं. आणि महिन्यातून दोनदा तरी कॅमेरा डब्यातून काढून बाहेर न्यावा.